हिल्मीचा पायगुण

३ डिसेंबर १९६१, अलेक्झांड्रिया

ठरलं! इथले आपले ग्रीक एकेक करून निघालेत, आता आम्हीही. सव्वीस तारखेची बोट. अथेन्सला आर्गिरोने, आमच्या लेकीने, घरसुद्धा बघून ठेवलंय. माझ्या नवऱ्याने, स्टामाटिसने, सगळं ऐकून घेतलं आणि व्हायोलिनच्या गजाला राळ घासत बसला. लहानपणी ग्रीसकडच्या कासोस बेटावरून काकाचं बोट धरून तो या शहरात उतरला, इथेच वाजवायला शिकला, इथेच गाणी बांधली. आता साठीला ‘परत’ जायचं. तेही अथेन्सला, जिथे तो कधी राहिलाच नाही. म्हणे परत!

७ डिसेंबर

हिल्मी रुसला. मांडीवर कानून घेऊन तारा छेडत जन्मभर स्टामाटिसच्या शेजारी बसलेला माणूस, आणि त्याला बातमी कळली न्हाव्याकडून! याची जीभच रेटत नव्हती सांगायला. हिल्मी दारातूनच ओरडला, "अरे, दाढी करताना कळलं मला! गळा कापला असता म्हणजे?" आत या म्हटलं तर, "नको वहिनी, रागावलोय मी," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

१२ डिसेंबर

स्टामाटिसची नवी चाल अडलीय. निम्मी झाली, पुढे जात नाही. वाजवतो, थांबतो, हिल्मीच्या खुर्चीकडे बघतो. पियानोवर नसलेला, दोन पट्ट्यांच्या मधला सूर याला हिल्मीनेच शिकवला. लग्नातली, सिनेमातली, याची सगळी गाणी त्या सुरावर उभी आहेत.

"अथेन्सला कोण ऐकणार ते?"

"मी आहे की!"

"तू? तू कांदा परतता परतता ऐकतेस."

मेला! पण हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

१८ डिसेंबर

हिल्मीचा पत्ता नाही.

आज पायगुणाचा विषय निघाला. नव्या वर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल ज्याचं, तसं वर्ष जातं. आमच्याकडे ते पाऊल कायम हिल्मीचं. उजवा पाय आत, मग उंबऱ्यावर डाळिंब फोडायचं, मग कॉफी. आणि दुपारपर्यंत स्टामाटिसला चाल सुचलेली असायची! एकदा हिल्मी तापाने झोपला होता आणि माझा भाऊ आधी घुसला. अख्खं वर्ष कोरडं गेलं. भाऊ अजून मानत नाही.

"तिथे कोण येणार पहिलं?" यानं विचारलं.

"जावई."

तोंड कडू केलं. जावई चांगला आहे हो. पण विमा विकतो.

रात्री म्हणाला, "हिल्मी नाही तर चालही नाही. संपलं माझं."

२६ डिसेंबर, बोटीवर

आला! हिल्मी धक्क्यावर आला! आधी दूर खांबाशी उभा होता. मग दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून असे रडले की हमालसुद्धा थांबले. मी ट्रंका बघायला गेले, परत येते तर दोघं पोरांसारखे हसतायत. कशाला, ते मला सांगेनात.

बोट सुटल्यावर दिसलं — हिल्मी लंगडतोय. डाव्या पायात बूट, उजव्यात नुसता मोजा! संधिवातानं पाय सुजला असणार. तशा पायानं आला बिचारा. मी कठड्यावरून ओरडले, "मिठाच्या पाण्यात पाय ठेवा, भावजी!" त्याने हात हलवला. मग मला फार रडू आलं.

२९ डिसेंबर, अथेन्स

आर्गिरोकडे उतरलोय. घराचा ताबा एक तारखेला. स्टामाटिस कागदांची पिशवी उशाशी घेऊन झोपतो, मला हात लावू देत नाही. ती अर्धी चाल असेल आत. व्हायोलिनची पेटी उघडलेली नाही.

१ जानेवारी १९६२

जावयाने कुलूप काढलं, पाय उचलला, आणि स्टामाटिस ओरडला, "थांब!" पिशवीत हात घालून हिल्मीचा बूट काढला. उजवा. वाकून उंबऱ्याच्या आत ठेवला. मी डाळिंब फोडलं. मग आम्ही आत गेलो.

दुपारी चाल पुरी झाली. कांदा करपला. मी बसून ऐकत होते.