मोदकपात्र ओफेलियाला, पेला काकूंना

रविवार, ८ मार्च २०२६, सकाळी सव्वासात. चहा पिऊन पेला विसळला आणि लिहायला बसलो.

मी ऋषी महादेव पळसगावकर, वय सत्तावीस, शिक्षण नववी, काम स्वयंपाकी, मुक्काम अर्विंग, टेक्सास. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचीही बळजबरी नाही. मी उठलो नाही तर पुढीलप्रमाणे करावे.

१. बँकेत जे असेल ते आईला. हॉस्पिटलचं बिल तिच्याकडे मागू नये.

२. माझं तांब्याचं मोदकपात्र ओफेलियाला. ती होंडुरासची, आमच्या दुकानात भांडी घासायची. दुकान शोभनाकाकूंचं, पाटीवर 'सोवळ्यातला नैवेद्य मिळेल' असं आहे. तीन गणपती मोदक मीच वळले. आडनावावरून काकूंनी मला आपल्यातला धरलं होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गेल्या चौदा एप्रिलला जयंतीत निळा झेंडा धरलेला माझा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला.

काकू म्हणाल्या, "ऋषी, मी असलं काही मानत नाही रे. पण कस्टमर विचारतात."

त्या दिवसापासून मी भांड्यांवर आणि ओफेलिया मोदकांवर.

मी म्हटलं, "काकू, तिच्या डब्यात बीफ असतं."

"असू दे. तिला कुठे जात आहे?"

पाकळ्या पाडायला तिला मीच शिकवलं, सिंकजवळ उभा राहून, तोंडी. पिठाला हात लावायचा नव्हता. तिने मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, "तुझ्या हातांना काय झालं?" मी पुढचं पातेलं घासायला घेतलं. दोष तिचा नाही. मोदक ती सुबक वळते.

३. अंत्यविधीला भटजी नको. विहारातल्या लोकांनी वंदना म्हणावी. दुकानातून जेवण घेऊ नये.

४. माझा स्टीलचा पेला काकूंना. फोटोनंतर त्यांनी तो सिंकखालच्या फळीवर वेगळा ठेवायला लावला. काकू वाईट नाहीत. छातीत दुखलं तेव्हा त्यांनीच मला गाडीत पुढे बसवून डॉक्टरकडे नेलं. त्या येतील, रडतीलही. त्यांना त्या पेल्यातून पाणी द्यावं. प्यायल्या तर माझ्या फोटोला पहिलं फूल त्यांनी वाहावं. नाही प्यायल्या तर कोणी एक शब्द बोलू नये. पेला ओफेलियाने न्यावा.

मी वाचलो तर हा कागद फाडावा. पाणी मग मीच देईन.

ओफेलियाला वाटा आहे, म्हणून साक्षीला तिची सही घेतलेली नाही.

साक्षीदार: विक्रम सोनटक्के (माझा रूममेट), गिरिजा वाघमारे (विहारातल्या ताई)

सही: ऋषी महादेव पळसगावकर
अर्विंग, ८ मार्च २०२६