नाकेदाराच्या आवाजाची निरवानिरव

मी, निरंजन गुरुदत्त टेमगिरे, वय एक्कावन्न, धंदा नोकरी, राहणार काळेवाडी, पिंपरी-चिंचवड, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, आपखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. घसा नाही. येत्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे आणि त्यात स्वरयंत्र काढून टाकणार आहेत. माणूस वाचेल असं डॉक्टर म्हणतात, पण भूल देण्याआधी कागद करून ठेवलेला बरा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

१. काळेवाडीतला फ्लॅट, बँकेतली शिल्लक, फंड, विमा आणि स्कूटर हे सगळं माझी पत्नी सौ. रुपाली हिचं. आम्हाला मूल नाही, त्यामुळे वाटणीचा प्रश्न नाही. तिने फ्लॅट विकावा, ठेवावा, भाड्याने द्यावा. तिला कोणी शहाणपणा शिकवू नये. हे वाक्य माझे थोरले बंधू यशवंतराव, राहणार राजगुरुनगर, यांनी दोनदा वाचावं.

२. गावाकडच्या जमिनीतला माझा हिस्सा यशवंतरावांना. तो त्यांनी केव्हाच आपला धरलेला आहे, मी फक्त कागद जुळवून देतो. "पन्नाशी ओलांडली तरी आमचा निरंजन भातुकली खेळतो," असं ते पुतणीच्या लग्नात चारचौघांत म्हणाले होते. आजाराचं कळल्यावर त्यांनी फोनवर पहिला प्रश्न तंबाखूचा विचारला. मी तंबाखू कधी तोंडात धरलेली नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढे सांगता येणार नाही. लहानपणापासून त्यांना माझ्या बडबडीचा त्रास होता. सोमवारपासूनची शांतता त्यांना माझ्याकडून भेट.

३. ही भातुकली म्हणजे काय, ते नोंदवणं भाग आहे. चाकणच्या एका कंपनीत मी प्रेस शॉपचा सुपरवायझर. परदेशातून मशीन येतं त्या पेटाऱ्याच्या फळ्या रीतसर गेटपास करून घरी आणल्या आणि त्यांचं टेबल केलं. दर गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, त्याभोवती आम्ही चौघं बसायचो. एक जण सूत्रधार, म्हणजे मी. सूत्रधार गोष्ट रचतो आणि गोष्टीत भेटणारी सगळी माणसं स्वतःच्या तोंडाने बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, त्या पात्रासारखं वागतात, आणि अडलं की फासे टाकून काय झालं ते ठरतं. पडदा लागत नाही, सोंगाचे कपडे लागत नाहीत. आवाज लागतो.

खेळणारे तिघं. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा केयूर, काम कॉम्प्युटरचं. ऋता, कॉलेजात शिकवते. आणि बुद्धरत्न, मूळचा नांदेडकडचा, माझ्याच लाइनवर कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि कंपनीत दिवसाला चार शब्द बोलतो.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला नवी गोष्ट सुरू केली. घाटात एक जकात नाका. तिथला म्हातारा नाकेदार पैसे घेत नाही, येणाऱ्याकडून एक खरी गोष्ट मागतो. सांगितली की वाट मोकळी. हा म्हातारा थोडक्यात आटपायचा होता. पण थंडीत माझा आवाज बसला, तो मी नाकेदाराला देऊन टाकला, आणि तिघंही गार झाले. केयूर म्हणाला, "काका, कसा काढता राव हा आवाज? काटा आला अंगावर." मी म्हणालो, "रियाज आहे बाबा." प्रेस शॉपमध्ये मशीनच्या आवाजावर ओरडून निम्म्या माणसांचे घसे बसलेलेच असतात, त्यामुळे तिकडेही कोणाला काही वाटलं नाही. कौतुकाच्या हावेपायी मी त्या म्हाताऱ्याला उन्हाळाभर जगवला.

त्याच उन्हाळ्यात बुद्धरत्नचं पात्र नाक्यावर पोचलं. नाकेदाराने खरी गोष्ट मागितली. बुद्धरत्न बराच वेळ फासे हातात घोळवत बसला. मग म्हणाला, "खरं सांगू का नाकेदार? मला घरी जायाचंय. पण घरी सांगून ठेवलंय की मी लई मजेत हाय म्हणून." त्याच्या पात्राला गोष्टीत घरच नव्हतं. तो विषय कोणी काढला नाही. मी वाट मोकळी केली. वर्षभरात माझ्या हातून काही चांगलं झालं असेल तर ते एवढंच.

श्रावणात दरड कोसळून नाकेदार मेला. फासेच तसे पडले. पुढच्या गुरुवारी मी नवं माणूस आणलं, राणीचा निरोप घेऊन आलेली एक लहान मुलगी. तोंड उघडलं तर नाकेदार बोलला. केयूरने टेबलावर थाप मारली, "अरे, म्हातारा हिच्या अंगात आलाय!" झालं. त्यांनी मुलीला अंगारा लावला, लिंबू उतरवलं, उलटतपासणी घेतली. मी कोवळा आवाज काढायला जीव तोडत होतो आणि ते टाळ्या वाजवत होते. वर्षातला सगळ्यात रंगलेला खेळ तो. तिच्या निरोपापर्यंत आम्ही पोचलोच नाही. नंतर ऋता कप विसळत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाली, "काका, संपला खेळ. आता तुमच्या आवाजात बोला ना."

मी म्हणालो, "बोलतोय."

तिने कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तीच मला दवाखान्यात घेऊन गेली.

४. रिपोर्ट आल्यापासून टेबल रिकामं आहे. केयूरने मेसेज पाठवला, "आम्ही तुमच्या कॅन्सरला टाळ्या वाजवल्या, काका," आणि खेळाचा ग्रुप सोडला. लिफ्टमध्ये मी दिसलो की तो जिन्याने जातो. बुद्धरत्न गुरुवारी ओव्हरटाइम घेतो. ऋता सूप आणते, सोफ्यावर बसते, हवापाण्याचं बोलते. पेशंटला भेटायला माणसं येतात. सूत्रधाराकडे कोणी येत नाही. परवा, शेवटच्या गुरुवारी, मी टेबल मांडलं. उरलासुरला आवाज दिवसभर न बोलता जपून ठेवला होता. कोणी आलं नाही. तो आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याशी बोलण्यात गेला.

मी पार खचलो आहे. रुपालीला हे सांगितलेलं नाही. ती रडते, मग समजूत घालायला मला बोलावं लागतं.

५. केयूरने एकदा नाकेदाराचं बोलणं फोनवर टिपून आम्हाला पाठवलं होतं. माझ्या आवाजाचं जगात तेवढंच रेकॉर्डिंग आहे. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत आम्ही बोलतो तिथे वरून सनई घातली आहे. ते रेकॉर्डिंग पुसून टाका, असं मी इथे लिहिणार होतो. तो आजाराचा आवाज आहे, माझा नाही. पण परवा रुपाली कणीक मळताना इयरफोन लावून तेच ऐकत होती. मला बघून दचकली. म्हणाली, "राहू द्या हो. मला यात तुम्हीच ऐकू येता." तर ते तिचं. कोणी पुसू नये.

६. टेबल, मी मिलिंग मशीनवर केलेले पितळी फासे आणि बारीक मापं घ्यायचा माझा व्हर्नियर हे बुद्धरत्नला. मी मेल्याशिवाय टेबल मिळणार नाही हे खरं, पण त्याच्या चाकणच्या खोलीत ते मावतं का याची मापं घ्यायला त्याने शनिवारी संध्याकाळी यावं. ओव्हरटाइम बुडाला तर बुडू दे.

७. ऋता आणि केयूर यांना काहीही नाही. फासा नाही, आठवण म्हणून पेन्सिलसुद्धा नाही. यावरून रुपाली माझ्याशी भांडली. तिला कारण सांगितलं, तेव्हा भांडण मिटलं.

कारण असं. वकील अरुंधतीबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नसलेला बरा, पुढे तंटे होतात. आणि साक्षीदाराला सही माझ्यासमोर करावी लागते. म्हणून या दोघांना मी कोरडं ठेवलं आहे. आजाऱ्याला बघवत नसेल तर सहीला या. सही टेबलावर होईल, सोफ्यावर नाही. दोघांनी एकाच वेळी यावं असं कायद्यात नाही, असंही बाई म्हणाल्या. माझ्या कायद्यात आहे. शनिवारी संध्याकाळी; या कागदाचा फोटो तिघांनाही पाठवतो आहे. त्या मुलीचा निरोप सांगायचा राहिला आहे आणि तो मी लिहून देणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. मोठ्याने वाचायचा होता, ते जमलं नाही.

ठिकाण : काळेवाडी. दिनांक : शनिवार, १३ डिसेंबर २०२५

सही : निरंजन गुरुदत्त टेमगिरे

साक्षीदार १ : ऋता पानसे, चिंचवड. सही : ऋता पानसे

(रविवारी संध्याकाळी हाताने लिहिलेलं : काल ऋता आली, सही केली आणि टेबलाशी बसली. बुद्धरत्न टेप घेऊन आला, मापं घेतली, तोही बसला. मी खेळ सुरू केला नाही. तिसरी खुर्ची भरल्याशिवाय ती मुलगी तोंड उघडणार नाही. आज पुन्हा तिघंच बसलो आहोत. दुसरी सही नसेल तर हा कागद रद्दी आहे, असं वरच्या मजल्यावरचे दत्तोबा मघाशी सांगून गेले. ते स्वतःचं पेन घेऊनच आले होते. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पहाटे हॉस्पिटलला निघायचं आहे.)

साक्षीदार २ : केयूर खळदकर, दुसरा मजला. सही :