रेवस आणि परत

२२ जुलै १९३४, रविवार
पाऊस सकाळपासून. दवाखाना बंद. सायकल घेऊन थळच्या वाटेवरच्या मैलाच्या दगडापर्यंत गेले. वेगात येऊन दगडाशी ब्रेक लावायचा आणि सायकल थांबेपर्यंतची पावलं मोजायची. तीनदा केलं. चौदा, सोळा, चौदा. मे महिन्यात कोरड्या रस्त्यावर सहा होती.
कॅरिअरला बाळंतपणाची पेटी बांधली होती. आत हत्यारांऐवजी विटा, वजन तेवढंच. रिकाम्या सायकलीवर सराव करण्यात अर्थ नाही.
दिवस उरले अठ्ठावीस.

२३ जुलै
लोकल बोर्डाच्या अध्यक्षांशी झालेलं बोलणं लिहून ठेवते. शब्द नंतर बदलतात.
जूनअखेर सुंद्रीच्या घरून बोलावणं आलं. चार मैल. पावसाळ्यात नर्सने बाळंतपणाला जाताना सायकल वापरायची नाही, बैलगाडीनेच जायचं, असा बोर्डाचा हुकूम आहे (दोन वर्षांपूर्वी कंपाउंडर घसरला आणि औषधांच्या बाटल्या फुटल्या, तेव्हापासून). गाडी ओढ्यापाशी रुतली. पोचायला दोन तास वीस मिनिटं. मूल जगलं. सुंद्री माझ्या आधी अर्धा तास गेली होती. रक्तस्राव. थांबवता येतो तो.
सायकलच्या परवानगीसाठी मी अर्ज केला. अध्यक्षांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, वकील आहे. म्हणाले, १९ ऑगस्टला जिमखान्याची सायकल-फेरी आहे, अलिबाग ते रेवस आणि परत, कोणीही यावं, पाऊस असला तरी. चार तासांची मुदत. "तुम्ही न पडता, मुदतीत परत आलात तर सप्टेंबरच्या सभेत विषय मी स्वतः मांडीन. पडलात तर पुन्हा अर्ज करायचा नाही." मी बरं म्हटलं.

२९ जुलै, रवि.
किहीमच्या फाट्यापर्यंत आणि परत. चिखल. पातळाचा काठ चाकाच्या जाळीत दोनदा अडकला. पुढच्या वेळी घोट्यापाशी पिना.
एक लक्षात आलं. ब्रेक एकदम दाबला की रबर ओल्या लोखंडावरून नुसतं सरकतं. उताराच्या बरंच आधी हलका टेकवून ठेवला की चाकावरचं पाणी निघून जातं, मग पकडतो. असं केल्यावर नऊ पावलं. पाच वेळा मोजलं. नऊ, नऊ, दहा, नऊ, नऊ.
परतताना भाताच्या खाचरात लावणी करणाऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या. एकजण ओरडून म्हणाली, बाय, कुनाचं पोर घाईला आलंय? पेटीत विटा आहेत हे सांगितलं नाही.

५ ऑगस्ट, रवि.
फेरीत नाव घातलं. यादी बोर्डाच्या कारकुनाकडे आहे, जिमखान्याचा चिटणीसही तोच. त्रेचाळीस पुरुष. माझं नाव त्याने यादीखाली एक ओळ सोडून लिहिलं. नंबर ४४.

१२ ऑगस्ट, रवि.
पूर्ण रस्ता एकटीने केला. तीन तास पस्तीस मिनिटं, त्यात सात मिनिटं निसटलेली साखळी बसवायला. पडले नाही.
घरी आले तर अंगणभर वास. घरमालक इब्राहिमचाचांनी होडीवरचा नारळाच्या झापांचा शाकार काढला आहे आणि तळाला मुशी माशाचं तेल चोळत आहेत. नारळी पौर्णिमा झाली की होडी पाण्यात जाणार. त्यांच्या मते खाऱ्या वाऱ्यात टिकायला जगात एकच औषध आहे, आणि ते म्हणजे हे तेल. बिजागऱ्या, कुलूप, विहिरीवरच्या पायरहाटाचं चाक, सगळ्यांना लावून झालं आहे. खतीजाचाची म्हणाल्या, मी जरा उभी राहिले तर मलाही लावतील.

१७ ऑगस्ट, शुक्र.
पडले.
क्रमाने लिहिते. काल दुपारपासून रात्रभर एका बाळंतपणावर होते, गाडीने. मुलगी, सहा पौंड, दोघी ठीक. सकाळी परत आले. सायकल पडवीत चकचकीत दिसली. पाऊस पडवीत आला असेल असं वाटलं. हात लावून पाहिलं नाही. तशीच दवाखान्याला निघाले. तळ्याकडच्या उतारावर नेहमीप्रमाणे आधीच ब्रेक टेकवला. काही झालं नाही. दाबला. काही झालं नाही. समोरून एक गाय आणि कारकून. गाय हलली नाही, म्हणून दगडी गडग्यावर गेले. डावं कोपर सोललं, हाड ठीक. पेटी शाबूत.
कारकुनाने सायकल उचलून दिली आणि हात हुंगला. आता गावभर बोलेल.
चाकांच्या कडा, ब्रेकची रबरं, सगळ्याला मुशीचं तेल.
संध्याकाळी विहिरीवर राख आणि रिठ्याने कडा घासल्या. कडा स्वच्छ झाल्या, रबरं नाहीत. तेल आत मुरलं आहे. चाचीने बघितलं, वास घेतला, आत गेल्या. मग चाचा आले.
"बाय, तेल मी लावलंय. काल तू न्हवतीस. म्हटलं दर्याचं वारं लोखंड खाता."
साखळीला आणि आऱ्यांना उपयोग होईल, असं मी सांगितलं. ते खरंही आहे. बाहेर कुणाला सांगू नका, एवढं चाचीला म्हटलं. चाचा या किनाऱ्यावरचे जुने नाखवा, लोक त्यांना विचारून होड्या घेतात. होडी आणि सायकल यातला फरक कळत नाही म्हणून हसतील.

१८ ऑगस्ट, शनि.
अध्यक्षांनी बोलावलं. अपेक्षित. कारकून दाराशी उभा.
ब्रेकला तेल लागलं होतं, असं सांगितलं. कोणी लावलं, ते त्यांनी विचारलं. म्हटलं, निघण्यापूर्वी मी तपासलं नाही, चूक माझी. हेही खरंच आहे. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, कालचं पडणं धरत नाही, कारण फेरी काल नव्हती. वकिली बुद्धी. पण उद्या बैलगाडी पहाटेच पुढे जाऊन वाटेत थांबेल, थकल्याभागल्यांसाठी. "पडलात तर तिच्यात बसायचं आणि विषय संपला." कारकून म्हणाला, गाडीत गवत जास्त घालायला सांगतो, बाईंना लागू नये.
दुकानात सायकलवाल्याकडे या मापाची रबरं नाहीत. मुंबईहून यायला आठवडा.
तीन वाजता घरी आले तर चाचा पडवीत सुरी घेऊन बसलेले. समोर त्यांच्या ईदेच्या वहाणा, एकीचा तळ कापलेला. म्हणाले, ओल्या डोलकाठीवर रबर धरत नाय, चामडं धरता, पाय ठेवून बघ. चार तुकडे कापले, मी कानस घेऊन मापात बसवले. त्यांना सायकल कळत नाही, पण ओलं काय आणि निसरडं काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.
पावसात जाऊन मोजलं. आठ. सात. आठ.
पुन्हा मोजलं, कारण विश्वास बसेना. आठ.
कोपर सुजलं आहे. ब्रेक डाव्या हाताने दाबताना दुखतं. पट्टी घट्ट.

१९ ऑगस्ट, रवि. रेवस. पेन्सिलीने.
धक्क्यावरच्या शेडमध्ये बसून लिहिते. वही पेटीत होती, कोरडी आहे. पंधरा मिनिटं विश्रांती, ती मुदतीत धरत नाहीत, त्यातली सहा गेली.
सकाळी सातला कचेरीपुढे सगळे जमले. पाऊस जोराचा. अध्यक्ष छत्रीखाली. माझी सायकल अजून वासाची. दोघा-तिघांनी नाक धरलं, एकाने बोंबील कसे दिले विचारलं. कारकून म्हणाला, बाई, आज फेरीला की नारळ वाहून सायकल पाण्यात सोडायला? सगळे हसले. मी पिना लावत होते.
चाचा तिथे येतील असं वाटलं नव्हतं. गर्दीतून पुढे आले, अनवाणी. अध्यक्षांपुढे उभे राहिले.
"साहेब, हिच्या सायकलीला तेल मी लावलं. होडीला लावतो तसं. बाय पडली ती माझ्यापायी. हिनी तुम्हास सांगितलं नसेल."
अध्यक्ष म्हणाले, नाही सांगितलं.
मग जे व्हायचं ते झालं. इतकं हसले की शिट्टी ऐकू आली नाही. कोणी म्हणालं, नाखवा, सायकलीला शीड कधी लावता? चाचा उभे राहिले तसेच, शेवटचा माणूस सुटेपर्यंत. मी मागे वळून पाहिलं नाही, रस्ता निसरडा होता.
इथवर एक तास बावन्न मिनिटं. बत्तीसजण पोचले. मी एकोणिसावी. कारकून बाराव्या मैलावर चिखलात गेला, ब्रेक एकदम दाबला. धक्क्याच्या उतारावर माझी पावलं मोजता आली नाहीत, पण पाण्याच्या पुष्कळ अलीकडे थांबले. डावी मूठ नीट मिटत नाही. खाडीवरून वारा आता तोंडावर येईल.
गाडी आत्ता पोचली. आत गवतावर कारकून, गुडघ्याला फडकं. गुडघा मी धुऊन बांधून दिला. त्याने नाक धरलं नाही. गाडीवान म्हणाला, "बाय, गारीन बस. पानी लय हाय."
जागा आहे. नको म्हटलं.
पेटी गाडीत ठेवतो म्हणाला. तीही नको. आज विटा नाहीत, हत्यारं आहेत.
शिट्टी झाली. दोन तास आठ मिनिटं उरली.