ओंकारच्या दशक्रियेची डीव्हीडी

१६ नोव्हेंबर

आले बाई एकदाची कोपरगावात! टेम्पोतून सामान उतरलं, एक कुंडी फुटली, पण कॉम्प्युटर शाबूत आहे. म्हणजे गंगेत घोडं न्हालं. साताऱ्याहून निघताना आईनं इतक्या सूचना दिल्या, की पोरगी नोकरीला चाललीय की लढाईला, असा टेम्पोवाल्याला प्रश्न पडला असणार. सोमवारी कॉलेजात ग्रंथपाल म्हणून हजर व्हायचं आहे.

खोली वरच्या मजल्यावर, खिडकी ऐसपैस. खाली घरमालकीण राहीबाई एकट्याच राहतात. भाड्याचं बोलायच्या आधी त्यांनी मी जेवले का ते विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भाकरी वाढली. त्यांना मावशी म्हणायचं मी तिथंच ठरवून टाकलं. संध्याकाळी दोरीवरच्या माझ्या पांढऱ्या ओढणीवर कारखान्याची काळी राख येऊन बसली, तर म्हणाल्या, "उसाचं गाव हाय, पोरी. हितं पांढरं घालायचं न्हाई." आमचं जमणार.

१९ नोव्हेंबर

मावशी दुपारी जेवायच्या आधी गच्चीच्या कठड्यावर एक घास ठेवतात. ओंकारचा. त्यांचा एकुलता एक मुलगा. मोटारसायकलवरून दोघं मायलेक येत होती, उसाच्या ट्रॉलीला धडकली. तो जागेवरच गेला, या मागं बसल्या होत्या म्हणून वाचल्या. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. शेजारच्या गच्चीवर कावळ्यांची भांडणं चाललेली असतात, मावशींच्या घासाकडं मात्र एकही फिरकत नाही.

त्याची दशक्रिया झाली तेव्हा त्या दवाखान्यात बेशुद्ध होत्या. सगळं पुतण्यानं, मच्छिंद्रनं केलं. या भागात दशक्रियेचंही लग्नासारखं शूटिंग करतात, हे मला नवीनच. मावशींना सगळे सांगतात की पिंड ठेवला आणि लगेच कावळा शिवला, म्हणजे ओंकारची काही इच्छा मागं राहिली नाही. डीव्हीडी कपाटात लुगड्यांखाली आहे. आधी बघायचा धीर झाला नाही, पुढं गावात डीव्हीडी लावणारं यंत्रच कुणाकडं उरलं नाही. एकदा डोळ्यांनी कावळा बघितला, की मी मरायला मोकळी, असं म्हणाल्या. माझ्या कॉम्प्युटरवर लागेल का, म्हणून विचारत होत्या. त्याला ते तोंडच नाही, मी म्हटलं. मग मीच म्हटलं, बसवू की तोंड.

२३ नोव्हेंबर

आज स्टँडजवळच्या दुकानातून डीव्हीडी ड्राइव्ह आणला. दुकानदार आधी हसलाच. हल्ली पेनड्राइव्हसुद्धा कुणी मागत नाही म्हणे. मग माळ्यावरून दोन काढले. एक चपटा, बाहेरून यूएसबीला जोडायचा, नाजूक आणि देखणा. दुसरा जाडजूड, कॅबिनेटच्या आत बसवायचा. मला चपटा आवडला होता. पण चकती जुनी, ओरखडे पडलेली असेल तर चपटा दम टाकतो, त्याला वीज कमी मिळते, असं तो म्हणाला. जाडजूडावर थाप मारून म्हणाला, "ह्यो वाचल्याबिगर सोडत न्हाई, ताई."

घरी येऊन मीच बसवला. कॅबिनेटच्या पुढची झाकणपट्टी काढली, ड्राइव्ह आत सरकवला, बाजूचे स्क्रू पिळले, एक वायर विजेची, एक डेटाची. बटण दाबल्यावर ट्रे ऐटीत बाहेर आला. मावशींनी त्याला हळदकुंकू लावलं आणि मी लेन्सला लागेल म्हणून ओरडले. दोघी खूप हसलो.

२४ नोव्हेंबर

मावशींना दाखवायच्या आधी एकटीनं लावून पाहिलं. चकती लागते की नाही ते तरी कळावं. मऊ फडक्यानं मधून कडेकडं पुसली. ड्राइव्ह आधी घरघरला, मग लागली.

गोदावरीचा घाट, माइकवर गुरुजी, पांढऱ्या टोप्यांची गर्दी. मग पिंड, आणि त्यावर कावळा. पण मी चाट पडले. घाटावर माणसांच्या सावल्या एकीकडं आणि कावळ्याची सावली भलतीकडं! कावळा खातोय आणि भात जसाच्या तसा. दुसऱ्याच कुणाच्या शूटिंगमधला कावळा आणून चिकटवलाय.

मावशींना काय सांगू? आज लागली नाही, लेन्स साफ करावी लागेल, असं सांगून वेळ मारून नेली. फार वाईट वाटतंय.

२७ नोव्हेंबर

मच्छिंद्रभाऊंना गाठलं. पुढच्याच गल्लीत राहतात. आधी उडवाउडवी केली, मग ओट्यावर मटकन बसले. कावळा आलाच नाही म्हणाले. ऊन डोक्यावर आलं तरी नाही. रीतीप्रमाणं एकेक जण पुढं होऊन पिंडाला शब्द देत गेला: शेत विकणार नाही, तुझं अर्धं राहिलेलं घर बांधू, देवाला जाऊ. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. शूटिंगवाल्याला यांनीच सांगितलं, कावळा टाक. "चुलती जगली तर तिला बरं वाटावं, म्हनून केलं, ताई." रडले.

आईला सांभाळू, असं कुणी म्हटलं का, मी विचारलं. नाही, म्हणाले. त्या वाचणार नाहीत असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, त्यामुळं ते कुणाच्या मनातच आलं नाही.

२९ नोव्हेंबर

मावशी रोज विचारतात. चिकटवलेलाच कावळा दाखवावा, त्यांचं समाधान होईल, असं ठरवलं आणि पुन्हा एकदा लावून बघितलं.

कावळा नाही.

तोच घाट, तेच गुरुजी, पिंड तसाच पडलेला. तेवढा तुकडा वाचला गेला नसेल, चकती जुनी आहे, असं स्वतःला समजावलं. पण मग माणसं एकेक पुढं यायला लागली, शब्द द्यायला. हे त्या दिवशी चकतीत नव्हतं. संपेचना. मी चकती बाहेर काढली.

३० नोव्हेंबर

दुपारी कॉलेजातून आले तर ड्राइव्हचा ट्रे बाहेर आलेला. कॉम्प्युटर बंद होता. ढकलून आत घातला. मावशी गच्चीवर घास ठेवत होत्या, तेवढ्यात पुन्हा बाहेर आला.

विजेची वायर काढून टाकली.

१ डिसेंबर

वायर काढलेली आहे. तरी ट्रे बाहेर. रिकामा. कुणी हात पुढं करून बसावं तसा.

दुकानदार म्हणतो असं होऊच शकत नाही. वायर नसताना पुढच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालूनच उघडतो म्हणे. मला भीती वाटतेय. आईला फोनवर काही बोलले नाही.

३ डिसेंबर

मी लावली नाही. देवाशपथ मी लावली नाही. चकती कपाटात, मावशींच्या लुगड्यांखाली —

पडद्यावर घाट. गुरुजी माइकवर विचारतायत, अजून कुणी राहिलंय का. आणि सगळ्या टोप्या वळल्या. सगळे माझ्याकडं बघतायत. "भाडेकरीन ताईंना फुडं बोलवा."

खोलीतून पळाले. खाली मावशींच्या पायाशी बसून राहिले. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, काय झालं विचारलंही नाही.

४ डिसेंबर

केलं. धीर करून केलं. वर गेले, पडद्यासमोर हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं: ओंकार, तुझ्या आईला मी एकटं सोडणार नाही.

कावळा आला! खरा कावळा, सावली जागच्या जागी. पिंड फोडून खाल्ला. मी रडत रडत मावशींना वर आणलं. त्यांनी बघितलं, हात जोडले, पदरानं पडदा पुसला. म्हणाल्या, "भूक लागली हुती गं त्याला." मग गच्चीत गेल्या. कठड्यावरचा घासही संपला होता.

आज किती दिवसांनी हलकं वाटतंय.

५ डिसेंबर

मावशी गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, उठल्याच नाहीत. चेहरा इतका शांत होता.

९ डिसेंबर

आई म्हणते, घरी ये. बॅग भरून स्टँडवर गेले. पुण्याची गाडी लागली, बसले. खिडकीतून —

मावशी शेजारी बसल्या होत्या. हातात तिकीटसुद्धा —

उतरले. परत आले. खाली कुलूप आहे आणि आत भांड्यांचा आवाज.

१२ डिसेंबर

ड्राइव्ह उचकटून काढला. नदीत टाकला. आल्यावर बघते तर कॅबिनेटात तसाच. हळदकुंकू लावलेला.

झोप नाही. खालून हाका. प्रेमानं मारतात, तेच —

१४ डिसेंबर

आज मावशींचा दहावा. मच्छिंद्रभाऊ न्यायला आले होते. ताप आहे म्हटलं, गेले नाही. कडी लावून बसलेय.

पडदा लागला. घाट. आजचा. माझ्या ओळखीची माणसं.

कावळा शिवत नाही.

भाऊ शब्द देतायत. फोटो लावू, दर वर्षी जेवण घालू. नाही. सगळे देऊन झाले. ऊन डोक्यावर —

त्यांना कुणालाच माहीत नाही मावशींना काय हवंय. मला माहीत आहे. मी शब्द दिला होता. एकटं सोडणार नाही. कुठपर्यंत, ते मी सांगितलंच नव्हतं —

सगळे वळले. भाऊ हात जोडून, "ताई, या."

जिन्यावर पावलं. कडी निघाली. मी काढली नाही —

मावशी दारात. जेवलीस का, विचारतायत. हात पुढं —

आले, मावशी. एवढं लिहून होऊ दे. आईला सांगायचं राहिलंय की मी —