रोलचा शेवटचा फोटो

गुरुअण्णा,

अप्पा उठायच्या आत हे वाच आणि फाडून टाक. उद्याच्या तेराव्याच्या वैकुंठ समाराधनेला आईचा फोटो हवा, म्हणून अप्पांनी एवढी वर्षं न धुता फ्रिजमध्ये साठवलेले सगळे रोल मी जयनगरच्या लॅबमधून धुऊन आणले. कावळे आलेत, गल्ली आलीय, भाजीवाली अक्का आलीय. आई नाही.

तयार रोल परवडेनात म्हणून अप्पा ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा मोठा डबा आणून घरीच रोल भरायचे ना? भरताना फिल्मचं टोक आतल्या रिळाला उजेडात चिकटवतात. त्या टोकावरचा, म्हणजे शेवटचा फोटो पांढराफटक येतो, असं लॅबवाला म्हणाला. आणि आईचं नेहमीचं, "आधी तुमचं होऊ दे, उरला तर माझा काढा." प्रत्येक रोलमध्ये ती शेवटीच.

अप्पांना यातलं काही सांगू नकोस. नवा डबा मागत होते, तो स्वस्तातलाच आणून दे. पण रोल तू भर, टोक अंधारात चिकटव.

मी आईच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणते. इडल्या झाकून ठेवल्यात. अप्पांना स्वल्प तरी खायला लाव.

एका फोटोत मात्र पांढरं अर्ध्यावर थांबलंय. त्यात आईचा हात आलाय, "थांबा हो, केस सारखे करते" म्हणत वर केलेला. नुसता हात. त्याला हार कसा घालायचा, अण्णा?

संपदा