गौरीची जीभ

मु. खैरगाव, ता. घाटंजी
१० डिसेंबर २००४

चि. सौ. कुंदास मैनाताईचे अनेक आशीर्वाद.

रीत म्हणून सर्व खुशाल लिहिते, पण मन काही खुशाल नाही. माझी प्रेरणा माहेरी बाळंतीण होऊन आज दहावा दिवस. पोरगी वजनाची आहे. नाक मात्र तिनं आपल्या अवधूतचं घेतलं, म्हणजे पुढं लग्नाच्या वेळी मामा-आजोबालेच हात जोडावे लागतीन.

कालपासून तिच्या जिभेवर पांढरं दिसून राह्यलं. दह्याची कवडी चिकटावी तसं. गालाच्या आतून पण थोडं आहे. गावाबाहेरच्या कोलाम पोडावरची जमनी रोज बाळ-बाळंतिणीले न्हाऊ घालाले येते. तिनं बोटाले फडकं गुंडाळून एकदा हलकंच फिरवलं न म्हणे, हे दुधाचं नाई, दुधाचं असतं तं निघालं असतं. पोरीचं तोंड आलं, दवाखान्यात दाखव. मी म्हटलं, बारसं व्हायच्या आधी बाळंतीण उंबऱ्याबाहेर कशी काढू? तर मलेच म्हणे, उंबरा काय पोरीपेक्षा मोठा आहे? तोंडाची फटकळ आहे, तुले माहीत आहे.

दुसरी गोष्ट कोणाले सांगू नको. सातव्या महिन्यात प्रेरणा इथं आलती तेव्हा बाजूच्या वावरात फवारा चालू होता न ही धुऱ्यावर, वावराच्या कडेलेच, बसून होती. आता घरात पाह्यलं तर बाळंतिणीच्या खोलीतच निम्म्या भिंतीपर्यंत कापूस. खरेदी केंद्र अजून उघडलं नाही, ठेवाचा कुठं? तुझे भाऊजी तीन दिवसांपासून बैलबंडी घेऊन तिथं रांगेत बसले आहेत. ते औषध प्रेरणाच्या दुधात उतरलं असन काय? मले झोप नाही.

तुझ्या अनघाच्या वेळी तू रोजचं रोज वहीत लिहून ठेवत होतीस. वही पाहून लिही. गावच्या दुकानातला फोन दिवाळीपासून मुका आहे, म्हणून देवीलाल कंडक्टरच्या हाती हा कागद देते. सकाळी तो यवतमाळले येते न संध्याकाळी मुक्कामाची बस घेऊन इथं परतते. उत्तर त्याच्याजवळच दे.

तुझी,
मैनाताई


यवतमाळ
११ डिसेंबर २००४

तीर्थरूप मैनाताईंना कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. नाकाचा मजकूर ह्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, आपल्या ताईचं नाकही काही चाफेकळी नाही.

तुम्ही उगीच घाबरलात. वही काढून पाहिली. अनघाच्या पंधराव्या दिवसाची नोंद अशी आहे : "जीभ पांढरी. दुधाचा थर. ओल्या फडक्याने पुसला." झालं. सगळ्या तान्ह्या मुलांना होतं. पाणी उकळून कोमट करा, स्वच्छ मऊ फडकं घ्या, दिवसातून तीनदा पाजल्यावर जीभ पुसा. लगेच निघालं नाही तर थोडा जोर देऊन पुसा, साठलेलं असतं. मध किंवा टाकणखार मात्र अजिबात लावू नका. फवारणीचं मनातून काढून टाका. तो निव्वळ वेडेपणा आहे.

जमनी न्हाऊमाखू उत्तम घालते, पण दवाखान्यात कधी जायचं हे तिच्याकडून शिकण्याची वेळ अजून आपल्या घरावर आलेली नाही, असं तिला गोडीत सांगा.

उद्या बारशाला येऊ शकत नाही. वर्षअखेरीची तपासणी चालू आहे, कचेरीत कोणालाच रजा मिळत नाही. अंगडं-टोपडं देवीलालबरोबर पाठवते. नाव काय ठेवताय?

माझ्यावर आहे तशीच माया असावी.

आपली,
कुंदा


मु. खैरगाव
१४ डिसेंबर २००४

चि. सौ. कुंदास आशीर्वाद.

नाव गौरी ठेवलं. बारसं झालं, पण गोड लागलं नाही.

तुझा कागद मी बारशाच्या बायकांत मोठ्यानं वाचला. मले वाटलं, शिकलेल्या माणसानं लिहिलं, सगळ्या ऐकून घेतीन. जमनीबद्दल जे लिहिलं होतं तेही वाचलं गेलं. ती पाळण्यापाशीच बसून होती. कुंकू लावून घेतलं न गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, आजही आली नाही. बाळाले मीच न्हाऊ घालते.

तू सांगतलं तसं तीनदा पुसलं. निघालं नाही म्हणून काल जोर देऊन पुसलं. कुंदा, खाली लाल झालं न फडक्याले रक्त लागलं. तेव्हापासून गौरी छातीशी नेली की तोंड लावते, एक घोट घेते न किंचाळून मान फिरवते. कालपासून नीट पिली नाही. प्रेरणाच्या स्तनालेही चिरा पडल्या आहेत, पाजताना ती पदराचा बोळा दातात धरते. मले दाखवाले लाजत होती.

बारशाले आलेल्या विहीणबाई, सत्यभामाबाई, ढाणकीले परत गेल्या नाहीत. त्यांनी ते रक्ताचं फडकं पाह्यलं. मग प्रेरणाच्याच तोंडून फवाऱ्याची गोष्ट निघाली, मी तं कोणाले सांगतली नव्हती. बाई म्हणतात, दूध नासलं, आईच्या अंगातलं विष लेकरात चाललं. दुधाच्या पावडरचा डबा न बाटली घेऊन आल्या. म्हणतात, मी चार लेकरं वाढवली, दोन गमावली, मले कोणी शिकवू नये. गुरुवारी प्रेरणाची छाती फडक्यानं घट्ट बांधून दूध आटवाचं न गौरीले घेऊन प्रेरणानं त्यांच्यासंगं ढाणकीले जायाचं, असं त्यांनी ठरवलं. जावई त्यांच्यापुढं बोलत नाहीत. तुझे भाऊजी अजून केंद्रावरच आहेत. एकदा दूध आटलं तं परत येत नाही, हे मलेही माहीत आहे न प्रेरणालेही. ती नुसती पाळण्याकडं पाहत राहते.

तू आणखी एक कागद लिही. प्रेरणाचं दूध चांगलं आहे, बांधू नका, असं लिही. तुझ्या अक्षराले विहीणबाई मान देतात. उद्या संध्याकाळपर्यंत पोचलं पाहिजे.

मैनाताई


यवतमाळ
१५ डिसेंबर २००४, दुपारी

तीर्थरूप मैनाताईंना नमस्कार.

आधी काम लिहिते, बाकीचं नंतर.

जीभ पुसणं आत्तापासून बंद. उद्या सकाळच्या पहिल्या बसने गौरीला घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात न्या. प्रेरणाला बरोबर न्याच. तिच्या चिराही डॉक्टरांना दाखवायच्या आहेत, लाज धरू नका. तोपर्यंत प्रेरणाने दूध हाताने पिळून वाटीत काढावं आणि स्वच्छ चमच्याने थेंब थेंब गौरीच्या तोंडात घालावं. डॉक्टर बोलेपर्यंत छाती बांधू देऊ नका. रात्रीतून गौरी मलूल वाटली किंवा अजिबात घेईना झाली तर सकाळची वाट पाहू नका, मिळेल त्या गाडीने निघा.

आता माझं.

तुमचं पत्र कचेरीत वाचलं, अर्धी रजा टाकून घरी आले आणि वही पुन्हा काढली. पंधराव्या दिवसाची नोंद मी तुम्हाला लिहिली तशीच आहे, अक्षरही बदललेलं नाही. पण ते पान तिथे संपतं. मागच्या बाजूला सतरावा दिवस आहे : "थर निघत नाही. गालातही आहे. आई म्हणाल्या, हे दुधाचं नाही. मी म्हटलं, तुम्ही उगीच घाबरता. त्यांनी माझं न ऐकता रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी जांभळं औषध दिलं. मला आईंचा फार राग आला आहे."

मैनाताई, त्या तुमच्याच आई. वीस वर्षं मी अनेकांना सांगत आले की अनघाची जीभ मी पुसली आणि बरी झाली. ठरवून खोटं बोलले नाही, मला खरोखर तसंच आठवत होतं. त्या दिवशी वही उघडली, माझं म्हणणं खरं करणारं वाक्य सापडलं, आणि मी वही मिटली. पान का उलटलं नाही, हे मघापासून स्वतःला विचारते आहे. घाई होती असं म्हणता येईल. पण त्याच बैठकीत मी अनघाच्या पहिल्या हसण्याची नोंद शोधून दोनदा वाचली होती. तेव्हा घाई नव्हती.

तुमच्या पत्रात गालाच्या आतलं स्पष्ट लिहिलं होतं. जमनीने फडकं फिरवून पाहिलं होतं. तिने गौरीच्या तोंडात पाहिलं, मी वहीत पाहिलं. तरी तिला गप्प करणारं वाक्य मी लिहिलं, आणि लिहिताना मला ते छान जमल्यासारखं वाटलं होतं. गौरीच्या तोंडातून रक्त आलं ते तुमच्या हाताने नाही. "जोर देऊन" हे दोन शब्द माझे आहेत.

फवारणीला मी वेडेपणा म्हटलं. खरं म्हणजे मला त्यातलं काही ठाऊक नाही. डॉक्टरांना सगळं सांगून विचारा. आणि रजेचं. कोणालाच मिळत नाही असं लिहिलं, पण मी मागितलीच नव्हती. आज मागितली, शनिवारची मिळाली आहे.

दूध चांगलं आहे असं पत्र तुम्ही मागता आहात. ते मी लिहिणार नाही. मन सांगतं की चांगलंच असेल, पण मनाने सांगितलेलं एकदा लिहून झालं आहे. सत्यभामाबाईंना म्हणावं, तुम्हीही दवाखान्यात चला आणि स्वतःच्या कानांनी ऐका. ज्यांनी दोन लेकरं गमावली त्यांची भीती पत्राने जाणार नाही.

हे पत्रही बारशाचं वाचलंत तितक्याच मोठ्याने वाचा. जमनीबद्दलचं गाळू नका. शक्य झालं तर तिला बरोबर न्या.

तुमच्या मायेवर आज हक्क सांगवत नाही. उरली असेल तर असू द्या.

कुंदा


मु. खैरगाव
१७ डिसेंबर २००४

चि. सौ. कुंदास मैनाताईचे आशीर्वाद.

गौरी पिली. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशीन.

तुझा कागद मी विहीणबाईंसमोर पूर्ण वाचला. त्या म्हणाल्या, शिकलेलीच अशी उलटसुलट लिहिते तं आम्ही धरावं काय? मग म्हणाल्या, चला दवाखान्यात, डॉक्टरही दूध नासलंच म्हणीन.

रात्री प्रेरणानं वाटीत काढून चमच्यानं दूध घातलं. थोडं पोटात गेलं, थोडं ओघळलं. पहाटे मी एकटी पोडावर गेलती. जमनी अंगण झाडत होती. झाडू न थांबवता म्हणे, काहून आली बाई, आज कागद काय म्हणते? मी म्हटलं, कागद म्हणते तू बरोबर होतीस, आमचं चुकलं. ती म्हणे, मले कागदाचं नको सांगू, तू काय म्हणते ते सांग. मग मी सांगतलं. तिनं लुगडं बदललं न निघाली.

बसमध्ये गौरी रडलीही नाही, मान टाकून पडली होती. जमनी वाटभर तिच्या तळव्याले टिचकी मारत होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चपट्या काडीनं जीभ पाह्यली, प्रेरणाले पडद्याआड नेऊन पाह्यलं. म्हणाल्या, ही बुरशी आहे, तान्ह्या लेकरांना होते. बाळाच्या तोंडातून आईले न आईपासून परत बाळाले, म्हणून औषध दोघींनाही लावाचं, नाहीतर एकीचं बरं होऊन पुन्हा येईन. फवाऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हा थर त्यानं येत नाही. फवाऱ्यापासून दूर राहा हे बरोबरच आहे, पण त्यासाठी दूध तोडाचं नाही. उलट दूधच पाहिजे, पोरीचं वजन उतरलं. बाटली लावू नका म्हणाल्या. दोन दिवसांनी परत बोलावलं आहे.

मग त्यांनी विचारलं, हे घासलं कोणी? मी म्हटलं, मी. तुझं नाव सांगावं असं वाटलं नाही, कुंदा. फडकं माझ्या हातात होतं न जमनीचं बोलणं माझ्याही कानावर पडलंच होतं. तू सगळं एकटीनं घेऊ नको.

वऱ्हांड्यात बाकावर बसून तिथल्या नर्सबाईनं सांगतलं तसं औषध लावलं. थोडं थांबून प्रेरणानं गौरीले छातीशी धरलं. पहिल्यांदा किंचाळली. दुसऱ्यांदा तोंड लावलं न सोडलं. प्रेरणाच्या डोळ्यांतून धार लागली, ती म्हणे आई, आता नाही होत. समोर बाजारच्या दिवसासारखी गर्दी, माणसं उभी राहून पाहत होती. तेवढ्यात विहीणबाई उठल्या. मले वाटलं आता बाटली काढतात. त्यांनी अंगावरची शाल सोडली, दोन्ही हातांनी पसरून प्रेरणापुढं आडोसा धरला न गर्दीकडं तोंड करून उभ्या राह्यल्या.

शालीच्या आतून आधी काही ऐकू आलं नाही. मग गौरीच्या घोटांचा आवाज आला. शाल निसटली तशी विहीणबाईंनी ती पुन्हा वर ओढून धरली. जमनी म्हणे, द्या, एक टोक मी धरते. त्यांनी दिलं नाही. पोरगी पिऊन झोपेपर्यंत तशाच उभ्या होत्या. आमची दोनची बस डोळ्यांसमोर निघून गेली, पण हात काही खाली आले नाहीत.

शनिवारी ये. तुझ्यावरची माया मोजून ठेवली नव्हती, त्यामुळं किती उरली ते पाहता येत नाही.

तुझी,
मैनाताई