धावपट्टीवरचा बँड

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ मे १९८४

अम्माला लालासाबचा सलाम.

मी खुशाल हाय. तुझा गुडघा कसा हाय? धाकटी सलिमा पास झाली का?

विमान पडल्याचं तिकडं कळलं असंल. आमचा बँड तिथंच होता. मुंबईचे एक शेठ स्वतःच्या छोट्या जेट विमानानं येणार, म्हणून आम्हाला स्वागताला नेलतं. वारं आडवं सुटलं होतं, आमच्या टोप्या उडत होत्या. विमान टेकता टेकता कलंडलं, पंख जमिनीला घासला आणि ते धावपट्टी सोडून चरात गेलं.

शेठ धडधाकट उतरले. पायलट आत अडकून ओरडत होता. आणि स्वागताला आलेल्या लोकांनी शेठला हार घातले! आमचे मास्तर मला म्हणाले, "लालासाब, वाजव की!"

किळस आली, अम्मा. मी म्हणालो, "माणूस आत मरतोय, आन् तुमास्नी गाणं पायजे व्हय?"

क्लॅरिनेट खाली ठेवून मी आणि ढोलवाला गुंडू पळालो. दोघांनी पायलटला ओढून काढलं. मागं बँड वाजतच होता.

मास्तरांनी आम्हा दोघांना बँडमधनं काढलं. लग्नसराई हाय, दुसरा बँड मिळंल. माझा हात थोडा कापलाय, म्हणून हे गुंडू लिहितोय. बोटं चालत्यात, घाबरू नको.

काल दवाखान्यात गेलतो. पायलटचे दोन्ही पाय मोडलेत. मला म्हणाला, "वारं बघून मी परत फिरू म्हणालो होतो, शेठजींनी ऐकलं नाही." मग त्यानं हळूच विचारलं, "शेठजी माझ्यावर चिडलेत का हो?"

मी बाहेर जाऊन थुंकलो.

तुझा,
लालासाब